मे महिन्यात फाटते, ऑगस्टमध्ये विझते, दोन्ही वेळा कडू लागते: मादुरो सिगारचं नेमकं काय बिघडतं?

माझा पुतण्या मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. वर्षातून एकदा सुटीवर गावी येतो तेव्हा माझ्यासाठी पाच-दहा सिगारी घेऊन येतो. मला काळ्या पानाच्या, म्हणजे मादुरोच लागतात, हे त्याला आता सांगावं लागत नाही. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, नवेगावबांधच्या बाजूला. इथे गेली कित्येक वर्षं दर मोसमात एकच त्रास व्हायचा. उन्हाळ्यात टोपी, म्हणजे तोंडात धरायचं बंद टोक, कापायला गेलं की वरचं पान टोकापासून मधोमध तडकायचं, पेटवली की भराभर जळायची आणि धूर जिभेला चटका द्यायचा. पावसाळ्यात उलटं. पेटायलाच दहा काड्या, मग दर पाच मिनिटांनी विझणार, आणि अर्ध्यावर आली की तोंडात कडू काढा. मी पुतण्याला दोनदा सांगितलं, "हा माल बरोबर नाही, दुसरा आण." तो दुसरा आणायचा, त्याचंही तेच व्हायचं.

मालात खोट नव्हती. पानातल्या ओलाव्याचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. ज्यांना हाच त्रास आहे त्यांनी सिगार वाईट ठरवायच्या आधी पुढचं करून बघावं. चव जोखणं ही नंतरची गोष्ट आहे. ओलावा जागेवर नसलेल्या सिगारची चव जोखली तर तुम्ही आपल्या हवेची चव जोखता, पानाची नाही.

आधी मादुरो म्हणजे काय ते थोडक्यात, कारण त्याशिवाय दुरुस्ती कळणार नाही. स्पॅनिशमध्ये मादुरो म्हणजे पिकलेलं. सिगारला तीन थर असतात: आतला माल म्हणजे फिलर, त्याला बांधून ठेवणारं बाइंडर, आणि सगळ्यात वर दिसणारं रॅपर. मादुरो हे नाव त्या वरच्या पानाचं. अमेरिकेतलं कनेक्टिकट ब्रॉडलीफ, मेक्सिकोतल्या सान आंद्रेस खोऱ्यातलं पान, ब्राझीलचं माता फिना, ही त्यातली नावाजलेली. ही पानं उघड्या उन्हात वाढलेली, जाड आणि तेलकट असतात. त्यांच्या मोठमोठ्या थप्प्या रचतात, थप्पी आतून आपोआप तापते, मग ती उकलून पुन्हा रचतात. हे इतर पानांपेक्षा जास्त उष्णतेवर आणि जास्त काळ चालतं, तेव्हा तो काळपट चॉकलेटी रंग येतो. रंग काळा म्हणजे सिगार कडक, असं मात्र नाही. कडकपणा येतो आतल्या मालातून, झाडाच्या शेंड्याकडची लिखेरो पानं किती घातली आहेत त्यावर. काळी सिगार अगदी सौम्य असू शकते.

आपल्या कामाची गोष्ट एवढीच की हे पान जाड आहे. जाड पान ओलावा उशिरा सोडतं, उशिरा घेतं, आणि जळतंही हळू. हलक्या रंगाच्या सिगारला जे चालून जातं ते मादुरोला चालत नाही.

आता पहिली तपासणी. सिगार अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि तीन ठिकाणी हलकेच दाबा: टोपीजवळ, मध्ये, पेटवायच्या टोकाजवळ. नीट असलेली सिगार किंचित दबते आणि बोट काढलं की परत वर येते. कानाजवळ धरून दाबल्यावर वाळल्या पाचोळ्यासारखा आवाज आला तर ती वाळली आहे. दाबलेली जागा दबूनच राहिली, किंवा हाताला ओल्या दोरखंडासारखी जड लागली, तर ओली आहे. एका जागी दगडासारखा कडक गोळा लागला तर तो वळणाऱ्याच्या हातचा दोष, त्याला ओलाव्याने फरक पडत नाही.

बोटाचा अंदाज हळूहळू बसतो. तोवर एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, आणि घेतल्या घेतल्या त्याच्यावर विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात खायचं मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. मिठाच्या अशा लगद्यावर बंद जागेत हवेतला ओलावा ७५ टक्क्यांवर स्थिर होतो. सकाळी तुमचा मापक ७१ दाखवत असेल तर तो कायम ४ ने कमी सांगतो, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. माझा ६ ने चुकत होता. म्हणजे दोन पावसाळे मी ज्याला ६६ समजत होतो ते ७२ होतं.

सिगारीसाठी भोवतालच्या हवेत ६५ ते ७० टक्के ओलावा ठेवावा असं सगळीकडे सांगतात. जाड पानाच्या मादुरोला माझ्या अनुभवाने ६२ ते ६५ बरं. ७० वर ठेवलेली मादुरो आमच्याकडे सरळ जळालेली मी पाहिलेली नाही.

उन्हाळ्याचं दुखणं आधी घेऊ, कारण सगळ्यात मोठी चूक मी तिथेच केली. मे महिन्यात आमच्याकडे तेंदूपत्त्याची, म्हणजे बिडीच्या पानांची, फळी (गोळा करायचं केंद्र) चालते. सत्तर-सत्तर पानांचे पुडे उन्हात वाळतात, आणि बोद, म्हणजे पोती, भरायच्या आधी त्यांच्यावर पाणी मारतात, नाहीतर पानाचा चुरा होतो. लहानपणापासून हे बघितलेलं. त्यामुळे वाळलेली सिगार हातात आली तेव्हा मी तेच केलं: ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली. सकाळी वरचं पान मऊ, तेलकट, छान दिसत होतं. तिसऱ्या दिवशी ते लांबीला उसवलं, शेंग उकलावी तसं. शेजारच्या काकूंची सगळी हयात बिडी वळण्यात गेली. त्यांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "भाऊ, वरचं पान मऊ झालं म्हनून का झालं जी? आतली तंबाखू कोरडीच हाय. तिले येळ लागते. ते मागून फुगली, अन् पान फाटलं."

तेंदूचं पान एकटं असतं, दोन्ही बाजूंनी सारखं भिजतं. सिगारमध्ये तीन थर एकावर एक घट्ट आवळलेले. घाईने पाणी दिलं की बाहेरचा थर आधी ओला होऊन बसतो, आतला माल उशिरा फुगतो, आणि त्या फुगण्याला वरच्या पानात जागा उरलेली नसते. म्हणून वाळलेल्या सिगारला पाणी दाखवायचंच नाही. ओली फडकी नको, बटाट्याचे काप नकोत. आणि आपल्याकडे सहज सुचणारी संत्र्याची साल तर मुळीच नको. सालीचा वास पानात मुरतो आणि दोन आठवड्यांत बुरशी येते.

करायचं ते असं. घट्ट झाकणाचा, रबराची कडी असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या. तो धुऊन, पुसून, दोन दिवस उघडा ठेवून त्याचा वास घालवा. त्यात दुहेरी काम करणारी आर्द्रतेची पाकिटं ठेवा, बोवेडासारखी, जी कमी असेल तर ओल सोडतात आणि जास्त असेल तर शोषतात. पहिले दोन आठवडे ६२ टक्क्यांचं पाकीट, मग ६५ चं. दर तीन-चार दिवसांनी सिगार पाव फेरा फिरवून ठेवा. पूर्ण वाळलेली असेल तर महिना धरून चला. घाई करायची नाही. किती झालं ते कळायला मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा वापरतो. सिगारचं वजन रोज थोडं थोडं वाढतं, आणि ज्या दिवसापासून तीन दिवस सारखं येतं त्या दिवशी ती तयार. वर्षभर उघडी पडून वाळलेली सिगार मात्र पुन्हा मऊ होईल, जळेलही नीट, पण उडून गेलेला सुगंध परत येणार नाही. तिच्यावरून त्या सिगारचं मत बनवू नका.

लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगारी ठेवायची खास पेटी, घेऊ नका असं माझं मत आहे, निदान विदर्भात तरी. पेटी देखणी असते, पण मे महिन्यातल्या आपल्या दुपारच्या हवेत ओल नावाला नसते आणि पेटीचं लाकूड आतला ओलावा पिऊन घेतं. झाकणाला केसाएवढी फट असली तरी संपलं. पेटीच्या लाकडाचा, म्हणजे स्पॅनिश सीडरचा, वास आवडत असेल तर त्याची एक फळी डब्यात टाका.

उष्णता हा वेगळा प्रश्न, आणि तोही आपल्याकडचा खास. पारा ४५ वर आणि घर दुपारी भट्टी. सिगार १८ ते २१ अंशांत सुखी असते. मी डबा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतो. फ्रिजची हवा कोरडी असते, म्हणून डबा हवाबंद हवाच, आत पाकीट हवंच. आणि बाहेर काढल्यावर लगेच उघडायचा नाही. तीन-चार तास बंदच ठेवून खोलीच्या उष्णतेवर येऊ द्यायचा, नाहीतर थंड पानावर बाहेरच्या हवेतलं पाणी जमतं. ज्यांच्याकडे फ्रिजला जागा नाही त्यांनी थर्माकोलच्या पेटीत डबा ठेवावा आणि शेजारी कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली, सकाळ-संध्याकाळ बदलून.

फाटलेल्या पानाचं काय? चीर पेटवायच्या टोकाकडे असेल तर सोडून द्या, ती जळून जाईल. टोपीकडे असेल तर धावड्याचा डिंक, लाडवात घालतो तोच, थेंबभर पाण्यात विरघळवून बोटाच्या टोकाने चिरेवर फिरवा आणि दहा मिनिटं धरून ठेवा. सिगार वळणारेसुद्धा टोपी वनस्पतीच्या डिंकानेच चिकटवतात. ओलावा परत आल्यावरच हे करा, वाळल्या पानावर डिंक नवी चीर पाडतो.

आता पावसाळा. जूनच्या मध्यानंतर आमच्याकडे घरातली हवाच ८०-८५ टक्क्यांवर जाते. सिगार ती पिते. आतला माल फुगून धुराची वाट बंद होते, म्हणून ओढताना गाल आत जातात. पाण्याची वाफ होण्यातच आग खर्ची पडते, म्हणून विझते. वारंवार पेटवली की डांबर टोपीकडे साचतं, आणि तो काढा तिथून येतो. कधी आतला माल जळत पुढे जातो आणि जाड वरचं पान मागे तसंच राहतं. मादुरोत हे जास्त, कारण पान जाड आणि तेलकट.

इतर ठिकाणचे लोक सांगतात की ओढायच्या आधी एक-दोन दिवस सिगार उघड्या रिकाम्या पेटीत ठेवा, ती सुकेल. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे करू नका, उघडी ठेवली तर ती आणखी ओली होईल. छोट्या डब्यात ६२ ची दोन पाकिटं घालून आठवडा-दहा दिवस द्या आणि वजन बघत राहा. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या वापरू नका, त्या फार जोरात ओढतात आणि पान पुन्हा तडकतं. तांदळाच्या कोठीतही नको.

याच दिवसांत किडा निघतो. पानावर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक आणि खाली भुकटी दिसली तर ओळखा. दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा, लॅसिओडर्मा. त्याला तंबाखूचा भुंगेरा म्हणत असले तरी तो हळद, धने, वाळली मिरची काहीही खातो. भिवापुरी मिरचीच्या डब्यात उन्हाळ्यानंतर जो किडा सापडतो तो बहुतेक हाच. म्हणून सिगारीचा डबा मसाल्याच्या फडताळात ठेवू नये. अंडी डोळ्याला दिसत नाहीत आणि उष्णता वाढली की फुटतात. उपाय: सगळ्या सिगारी दोन पिशव्यांत घट्ट बंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशांवर तीन दिवस, मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग बाहेर. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुष्कळदा तेवढा थंड होत नाही आणि लाइटही जाते, म्हणून मी पूर्ण आठवडा देतो. मध्ये सहा-सात तास वीज गेली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून.

बुरशी पानावर ठिपक्यांसारखी असेल आणि कोरड्या कापडाने पुसून निघत असेल तर त्या सिगारी वेगळ्या ठेवून लक्ष ठेवा. पेटवायच्या टोकाला, आतल्या मालात लव दिसली तर सरळ फेकून द्या. तो धूर तोंडात घ्यायचा नसतो.

ओलावा जागेवर आला तरी कडू लागते, असं होतं का? होतं. तेव्हा हात आणि जागा तपासा. कूलरच्या किंवा पंख्याच्या झोतात बसू नका. वाऱ्याच्या बाजूचं पान आधी जळतं आणि एका कडेने नाला पडतो. उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर अंगणात, वारा पडल्यावर, ही खरी वेळ. काडीने पेटवत असाल तर गुलाचा भपका पूर्ण जळू द्या, मग ज्योत टोकाच्या थोडी खाली धरून सिगार फिरवत आधी नुसती शेका, कडा सगळीकडून लाल झाली की मगच पहिला झुरका. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास तिसऱ्या झुरक्यापर्यंत टिकतो. टोपी फक्त वरची, दीड-दोन मिलिमीटर कापा. खोल कापली की पान सुटतं. आणि मिनिटाला एकच झुरका. बिडीची सवय असलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण बिडी सतत ओढली नाही तर विझते. सिगार तशी ओढली तर आतली आग फार तापते, आणि पानातला गोडवा करपून जातो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. तोंडाच्या कर्करोगाला तंबाखू कशातही घातलेली चालते, आणि आपल्या भागात खर्र्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, काय केलं आहे ते घराघरात दिसतं. मी महिन्याला एक ओढतो, त्याहून जास्त नाही.

खर्र्यावरून आठवलं. त्या दिवशी खर्रा किंवा पान खाल्लं असेल, किंवा जेवण झणझणीत सावजी झालं असेल, तर चव जोखायच्या भानगडीत पडू नका, जीभ दुसऱ्या दिवशीच मोकळी होते. रिकाम्या पोटीही नको. गरगरलं तर खाली ठेवून गुळाचा खडा खा.

सगळं जमल्यावर कडूपणा ओळखायला शिका, कारण कडू सगळं सारखं नसतं. जिभेच्या शेंड्याला चटका आणि धूर गरम, म्हणजे वाळलेली किंवा घाईने ओढलेली. जिभेच्या मागे चिकटून राहणारं डांबरी कडू आणि टोपीवर काळा ओला डाग, म्हणजे ओली. तिला एकदा हलकी फुंकर आत मारून साचलेला धूर बाहेर काढा, एक मिनिट थांबा, पुष्कळदा सुधारते. नाकात गोठ्यातल्या मुतासारखी झणझणी, म्हणजे पान अजून कच्चं आहे, तिला डब्यात दोन-तीन महिने विसरा. आणि पहिल्या पाच-सात झुरक्यांत काळ्या मिऱ्याची तिखट चव आली तर तो दोष समजू नका, पुष्कळ मादुरो तशाच सुरू होतात.

नीट जमलेली मादुरो कशी लागते हे मला पुस्तकी शब्दांत कळलं नव्हतं. कोको, कॉफी, मनुका, चामडं असं लिहिलेलं असतं. गेल्या नोव्हेंबरात पाच आठवडे ६५ वर ठेवलेली कनेक्टिकट ब्रॉडलीफ काढली. पेटवायच्या आधी नुसती ओढून बघितली आणि थांबलो. तो वास ओळखीचा होता: वाळलेल्या मोहफुलांच्या टोपलीवरचं फडकं उचललं की येतो तो, गोड, थोडा आंबूस, मातकट. पहिल्या एक-तृतीयांश भागात मिरं आणि भाजलेले चणे. मधल्या भागात काकवी, ओठांवर रेंगाळणारी. राख करडी, दीड बोट लांब होईपर्यंत पडली नाही. शेवटच्या भागात थोडी करपट कॉफी. मी वहीत तीन भाग तीन ओळींत लिहितो, त्यांच्यासमोर ओलावा आणि वजन. तेवढं पुरतं, गुण वगैरे देत नाही.

पानाला काळा रंग लावला असेल का, अशी शंका असेल तर ओल्या पांढऱ्या कापडाने एक जागा पुसा. फिकट तपकिरी डाग येणं नैसर्गिक आहे, शाईसारखा काळा आला तर संशय घ्या. अख्खं पान डांबरासारखं एकसारखं काळं असण्यापेक्षा त्यात गडद-फिकट चट्टे आणि बोटाला जाणवणारे बारीक दाणे असणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

आणि एकाच गठ्ठ्यातल्या दोन सिगारी, दोन्ही वजन स्थिर झाल्यावर, वारा नसताना, मोकळ्या जिभेने ओढूनही तशाच कडू लागल्या, तर मग तो माल खरोखर वाईट आहे. तिसरी पेटवू नका, आणि पुतण्याला सांगा.